माळव्याच्या कातळावर १७० मिलिमीटर

इंदूरसारख्या सपाट शहरात राहून पुढे-मागे १७० मिलिमीटर ट्रॅव्हल, म्हणजे धक्का बसला की चाकाला वर-खाली सरकायला तेवढी मोकळीक असलेली एंड्युरो सायकल बाळगणे हे पाहणाऱ्याला थोडे हास्यास्पद वाटते, आणि त्यात त्याची काही चूक आहे असे मला वाटत नाही. रामबागेतल्या आमच्या घराच्या अरुंद जिन्यावरून ती १६ किलोची सायकल खांद्यावर घेऊन मी उतरू लागलो, की तळमजल्यावरचे काका वर्तमानपत्र खाली करून "आज कुठला डोंगर?" असे विचारतात, आणि त्यांच्या आवाजातला खट्याळपणा गेल्या तीन वर्षांत तसूभरही कमी झालेला नाही.

त्यांच्या प्रश्नाचे उत्तर भूगोलात आहे. इंदूर ज्या माळव्याच्या पठारावर वसले आहे ते समुद्रसपाटीपासून सुमारे ५५० मीटर उंचीवर असून लाव्हारसाच्या थरांवर थर साचून बनलेले आहे. दक्षिणेला सिमरोल आणि महूच्या पुढे गेले की हे पठार विंध्याच्या काठाशी अचानक संपते आणि खाली निमाडचा मुलूख व नर्मदेचे खोरे सुरू होते. पातालपाणी, तिंछा, कजलीगढ, अहिल्याबाईंच्या काळातला जाम दरवाजा ही पावसाळी सहलींची ठिकाणे याच काठाच्या आसपास आहेत. सहलीला आलेला माणूस तिथून दरी पाहतो. मी गुराख्यांनी आणि गुरांनी पाडलेल्या पाउलवाटा पाहतो. भूशास्त्रज्ञ या खडकाला दख्खनचा ट्रॅप म्हणतात आणि हा ट्रॅप शब्द पायरी या अर्थाच्या स्वीडिश शब्दावरून आला आहे, कारण झिजलेले थर जिन्यासारखे दिसतात. पुढचे चाक धरून त्याचे धक्के झेलणाऱ्या माझ्या फोर्कला ही व्युत्पत्ती कोणी वेगळी समजावून सांगण्याची गरज उरलेली नाही.

एंड्युरो या प्रकाराविषयी दोन शब्द सांगतो. या शर्यतीत चढ सहसा स्वतःच्या पायांनीच चढायचा असतो, परंतु घड्याळ लागते ते फक्त उतारांना. चढाच्या टप्प्याला वेळेची मर्यादा तेवढी असते. या शर्यतींची जागतिक मालिका २०१३ साली सुरू झाली आणि २०२३ पासून ती विश्वचषक म्हणून भरते. अशा शर्यतीसाठी बनवलेली सायकल उतारावर निर्धास्त आणि चढावर निदान सोसवण्याइतपत असावी लागते, म्हणून तिचे हँडल पुढे लवलेल्या फोर्कवर, बैठक मात्र पेडलांच्या जवळजवळ डोक्यावर आणि दोन चाकांतले अंतर लांब असते. मी शर्यतीत उतरलेलो नाही आणि उतरण्याचा विचारही नाही. आमच्याकडचे उतार दहा-बारा मिनिटांत संपतात आणि दहांतल्या नऊ फेऱ्यांना १३० मिलिमीटरची सायकल पुरली असती, हे मी मोकळेपणाने मान्य करतो. दहाव्या फेरीसाठी मी ही घेतली, तीही वापरलेली, कारण नवी घेण्याइतका अविचार घरात खपला नसता.

वापरलेली सायकल घेतली की तिच्याबरोबर आधीच्या मालकाचे वजन, त्याच्या सवयी आणि त्याचा प्रदेशही आपल्या घरी येतो. माझ्या सायकलीवरून पूर्वी जो कोणी हिंडत असे तो माझ्यापेक्षा बराच जड असावा आणि उड्या मारणारा असावा, कारण मागच्या चाकाचे धक्के झेलणाऱ्या शॉकमध्ये हवेच्या कप्प्याची जागा कमी करणारे टोकन नावाचे प्लॅस्टिकचे चार तुकडे भरलेले होते आणि फोर्कमध्ये तीन. त्या वेळी मला हे ठाऊक नव्हते. मी फोर्कच्या पायावर चिकटवलेल्या तक्त्यात माझे वजन शोधले, त्यासमोर लिहिलेला दाब भरला आणि सायकल तयार झाली असे समजून थेट कजलीगढच्या बाजूला गेलो. पहिल्या पायरीवर सायकल मऊ गादीसारखी खाली बसली आणि तिसऱ्या पायरीवर भिंतीवर आदळावी तशी थांबली. त्या दिवशी संध्याकाळी मनगटांना सूज होती आणि सायकल विकून टाकण्याची जाहिरातही मनात अर्धी लिहून झाली होती.

आता तीन वर्षांनी मला जे ठामपणे वाटते ते हे, की तक्त्यातला आकडा फक्त सुरुवात कुठून करायची एवढेच सांगतो. खरी जुळवणी त्या-त्या जागेची आणि त्या-त्या ऋतूची असते, आणि ती लिहून ठेवली नाही तर दर वेळी पुन्हा पहिल्यापासून करावी लागते. माझ्याकडे त्यासाठी लाल कापडी बांधणीची, दुकानदार वापरतात तशी एक वही आहे. तिच्यात तारीख, तापमान, फोर्क, शॉक आणि दोन टायर असे चारही दाब, सस्पेन्शनच्या खुंट्या किती खटके फिरवल्या त्याची मोजणी आणि एक ओळ शेरा एवढेच असते.

सुरुवात सॅगपासून करावी लागते. सायकलीवर नुसते उभे राहिले असता आपल्याच भाराने सस्पेन्शन जेवढे दबते त्याला सॅग म्हणतात. माझ्या सायकलीत मागच्या चाकाचा प्रवास १७० मिलिमीटर आणि शॉकच्या दांड्याचा प्रवास ६५ मिलिमीटर आहे, म्हणजे दांडा एक मिलिमीटर सरकला की चाक सरासरी २.६ मिलिमीटर वर येते. मला मागे ३० टक्के सॅग मानवतो, तेव्हा दांड्यावरची रबरी कडी साडेएकोणीस मिलिमीटरवर यायला हवी. हे मोजताना माणूस फेरीला निघतो तसाच असला पाहिजे: शिरस्त्राण, गुडघ्यांचे संरक्षक, पाठीवरचे पाणी आणि हत्यारे सगळ्यांसकट. माझे वजन ७८ किलो आणि या सरंजामासह ८४. हे सहा किलो विसरले की सगळा हिशेब बिघडतो. एकट्याने हे मोजणे अवघड जाते. मी भिंतीला कोपर टेकवून पेडलांवर उभा राहतो आणि माझा दहा वर्षांचा भाचा खाली बसून कडी सरकवतो. "मामा, हलू नकोस, नाहीतर परत करावं लागेल," हे वाक्य तो ज्या अधिकाराने उच्चारतो तो पाहता पुढे तो एखाद्या कचेरीत वरच्या हुद्द्यावर बसेल असे दिसते.

याच टप्प्यावर माझा एक महिना वाया गेला. दाब भरून पंप काढताना फुस्स असा आवाज येतो आणि पुन्हा लावून पाहिले तर पंपावरचा काटा आठ-दहा पीएसआय (हे हवेच्या दाबाचे एकक) खाली दिसतो. मी समजत असे की पंप काढताना शॉकमधली हवा निसटते, म्हणून प्रत्येक वेळी थोडी जास्त भरून ठेवत असे. वस्तुस्थिती अशी आहे की तो आवाज पंपाच्या नळीतल्या हवेचा असतो आणि पुन्हा पंप लावला की ती रिकामी नळी शॉकमधल्याच हवेने भरते. शॉकचा कप्पा छोटा असल्यामुळे तेवढ्यानेही दाब उतरतो. म्हणजे मी तपासण्याच्या नावाखाली दाब कमी करत होतो आणि भरपाईच्या नावाखाली वाढवत होतो. दुसरी गोष्ट अशी, की आजच्या हवेच्या शॉकमध्ये मुख्य कप्प्याच्या विरुद्ध बाजूने रेटणारा आणखी एक कप्पा असतो, आणि दोघांचा दाब समान व्हावा म्हणून भरताना मधूनमधून शॉक हळूहळू आठ-दहा वेळा दाबावा लागतो. हे केले नाही तर काटा एक सांगतो आणि सायकल दुसरेच वागते.

टोकनांचे गणित मला त्यानंतर उमगले. टोकन जास्त असले की हवेला दबायला जागा कमी मिळते आणि प्रवासाच्या शेवटी शॉक झपाट्याने कडक होत जातो. मोठ्या उड्या मारणाऱ्याला ते हवेच असते. मी मात्र मऊपणाच्या लोभाने दाब कमी ठेवला होता आणि टोकन होते तसेच राहू दिले होते; त्यामुळे सुरुवातीचा प्रवास आधाराशिवाय संपत असे आणि शेवटचा तिसरा भाग कधी वापरलाच जात नसे. आमच्या पायऱ्या गुडघ्याएवढ्या नसतात, वीतभर-दीडवीत उंचीच्या असतात, पण त्या एकामागून एक येतात, आणि अशा ठिकाणी मधल्या प्रवासात आधार लागतो. मी शॉकमधली दोन आणि फोर्कमधली दोन टोकन काढली, दाब वाढवला, आणि त्याच वाटेवर त्याच तीन पायऱ्या पाच वेळा उतरून पाहिल्या. पाचव्या वेळी कडी टोकापासून सहा मिलिमीटर अलीकडे थांबली. वहीत त्या दिवसाचा शेरा "पायऱ्या मोजता आल्या नाहीत" असा आहे आणि तो कौतुकाचा आहे.

आता त्या मे महिन्याविषयी, ज्याच्यामुळे ही वही खऱ्या अर्थाने उपयोगाची झाली. जानेवारीत, पहाटेचे तापमान १० अंशांच्या आसपास असताना, मी शॉकमध्ये १८० आणि फोर्कमध्ये ५८ पीएसआय भरून ठेवले होते आणि सायकल विलक्षण छान चालत होती. मे महिन्यात एका संध्याकाळी ती गाडीच्या टपावर बांधून जानापावला गेलो. चंबळ नदीचा उगम मानला जातो ती ही टेकडी. दिवसभराच्या उन्हाने सायकल हात लावू नये इतकी तापली होती. उतारावर लागलो आणि सायकल ओळखू येईना. प्रत्येक दगडावर ती ताठ लागत होती आणि लगेच मागून उसळून मला हँडलकडे ढकलत होती. माझी खात्री पटली की मागच्या सांध्यांची बेअरिंगे गेली. दुसऱ्या दिवशी सगळे सांधे उघडले, बेअरिंगे पाहिली, दोन किंचित खरखरत होती ती बदलली, आणि सायकल तशीच ताठ राहिली.

कारण शाळेतल्या पदार्थविज्ञानाच्या पुस्तकात होते. बंद कप्प्यातल्या हवेचा दाब निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात वाढतो. १० अंश सेल्सिअस म्हणजे २८३ केल्विन आणि ४० अंश म्हणजे ३१३ केल्विन, तेव्हा वाढ साडेदहा टक्क्यांची. ही वाढ काट्यावरच्या आकड्यावर मोजायची नसते, कारण काटा वातावरणाचा दाब शून्य धरतो. आमच्या उंचीवर तो सुमारे १४ पीएसआय आहे तो आधी मिळवायचा आणि शेवटी वजा करायचा. तसे केले की १८० चे सुमारे २०० होतात आणि ५८ चे ६५ च्या वर जातात. जानेवारीतला साडेएकोणीसचा सॅग मे महिन्यात सतरा-साडेसतरावर आला होता. त्यात भर अशी, की उष्णतेने डँपरमधले, म्हणजे सस्पेन्शनची उसळी आवरणाऱ्या भागातले, तेल पातळ होते आणि त्यामुळे रीबाउंड, म्हणजे दबलेले सस्पेन्शन पूर्ववत होण्याचा वेग, आणखी वाढतो. हवा जास्त जोराने ढकलते आणि तेल कमी अडवते, अशी दोन्ही कारणे एकाच दिशेची असल्यामुळे ती उसळी आली होती. उपाय पाच मिनिटांचा होता: दाब उतरवून जानेवारीच्या सॅगवर आणणे आणि रीबाउंड दोन खटके मंद करणे. त्यासाठी मी मागचा अख्खा सांगाडा उलगडून बसलो होतो.

तेव्हापासून वहीत हिवाळ्याचे, उन्हाळ्याचे आणि पावसानंतरच्या दिवसांचे पान वेगळे आहे. मी दाबाचा आकडा पाठ करत नाही, सॅग पाठ करतो, आणि सायकल सावलीत अर्धा तास ठेवल्याशिवाय पंप लावत नाही. खटके मोजताना खुंटी आधी पूर्ण बंद करून तिथून उघडत मोजतो. उघड्या टोकाकडून मोजलेले आकडे आणि बंद टोकाकडून मोजलेले आकडे एकाच वहीत मिसळले की काय होते हेही मी करून पाहिले आहे. एका वेळी एकच खुंटी फिरवावी, हे सगळे सांगतात आणि कोणीही पाळत नाही. मीही पाळत नसे. कॉम्प्रेशनचा, म्हणजे सस्पेन्शन दबण्याचा, मंद आणि जलद असा भेद करणाऱ्या दोन वेगळ्या खुंट्या माझ्या शॉकला आहेत. त्यांपैकी मंद गतीची खुंटी मी वर्षातून दोनदा फिरवतो आणि जलद गतीची खुंटी आहे तिथेच ठेवली आहे, कारण तिच्यातला फरक मला जाणवत नाही, आणि जो फरक जाणवत नाही त्यावर मत देण्याचे मी सोडून दिले आहे.

बेअरिंगांची गोष्ट थोडी लांबवतो, कारण ती मला आवडते. सायकलीच्या सांध्यांत काही फार गूढ वस्तू नसते. माझ्या सायकलीच्या बेअरिंगवर ६९०२ असा आकडा कोरलेला होता, म्हणजे आत १५, बाहेर २८ आणि रुंदी ७ मिलिमीटर, जगभर हेच माप. ते घेऊन मी सियागंजात गेलो. दुकानदाराने नमुना बोटात फिरवून विचारले, "कौन-सी मोटर का है, भिया?" सायकलचे आहे म्हटल्यावर त्याने आधी माझ्याकडे आणि मग पुन्हा बेअरिंगकडे पाहिले. त्याने दिलेले बेअरिंग मापाला तंतोतंत होते, पण आतल्या गोळ्या पिंजऱ्यात बसवलेल्या असल्यामुळे संख्येने कमी होत्या. सायकलीच्या सांध्यात बेअरिंग गरगर फिरत नाही, काही अंशच पुढे-मागे झुलते आणि सगळा भार त्याच दोन-चार गोळ्यांवर येतो, म्हणून तिथे पिंजरा काढून गोळ्या खच्चून भरलेले बेअरिंग वापरतात. सियागंजातले बेअरिंग आठ महिने टिकले. नंतर योग्य प्रकारचे बाहेरगावाहून मागवले. तरी किमतीतला फरक पाहता अडल्या वेळी मी पुन्हा त्याच दुकानात जाईन. मात्र नट आवळताना जोर मोजून आवळणारा टॉर्क पाना हवाच. अंदाजाने आवळण्याच्या माझ्या सवयीपायी हँडल धरून ठेवणाऱ्या स्टेमच्या एका स्क्रूचा आटा गेला आहे. त्यावर ५ न्यूटन-मीटर असे स्वच्छ छापलेले होते.

टायरांच्या बाबतीत माळव्याची स्वतःची अट आहे आणि ती म्हणजे बाभूळ. ट्यूब घालून इथे हिंडणे शक्यच नाही. ट्यूबलेस टायरमध्ये ओतलेले सीलंट बहुतेक काट्यांची भोके बुजवते, परंतु उन्हाळ्यात ते इतक्या लवकर सुकते की मार्च ते जून मी दर महिन्याला वाल्व उघडून काडी बुडवून पाहतो. दाब पुढे २२ आणि मागे २५ पीएसआय. यापेक्षा कमी ठेवले की पायरीच्या कडेवर टायर रिमपर्यंत दबतो, आणि जास्त ठेवले की कडक जमिनीवरच्या सुट्या मुरमावर चाक गोट्यांवरून घसरावे तसे निसटते. मागे जाड कवचाचे टायर घेतल्याने वजन वाढले आणि चढावर ते जाणवते. त्याला इलाज नाही. पायऱ्यांवर पेडल आपटत असे म्हणून १७० मिलिमीटरचे क्रँक, म्हणजे पेडलांचे दांडे, काढून १६५ चे बसवले आणि मागच्या सांध्यातली, उलटसुलट बसवून सायकलीची उंची बदलणारी चिप उंच बाजूला फिरवली. यातून जमिनीपासून जेमतेम बोटभर जागा वाढली असेल, पण पेडल आपटण्याचे प्रसंग निम्म्यावर आले. ब्रेकांविषयी सांगण्यासारखे फारसे नाही. उतार आखूड असल्याने ते तापत नाहीत, फक्त धुळीने किंचाळतात.

धूळ हा मात्र खरा शत्रू आहे. फोर्कचे खालचे पाय उघडून आतले तेल आणि स्पंजाच्या कड्या दर ५० तासांनी साफ कराव्यात असे सर्वसाधारण वेळापत्रक असते; मी ३० तासांवर आलो आहे, कारण पहिल्यांदा उघडले तेव्हा तेलाऐवजी विटकरी रंगाची राड निघाली होती. पावसाळ्यात उलटा प्रश्न असतो. मुरमाच्या वाटा पाऊस थांबल्यावर एका दिवसात चालण्याजोग्या होतात, परंतु मध्ये कुठे शेताची काळी माती लागली तर ती गवतासकट चाकाला असे वेढे घेते की चाक फ्रेममध्ये अडकून थांबते आणि सायकल खांद्यावर घ्यावी लागते. तेव्हा तिचे वजन १६ किलो नसते, किती असते ते मी मोजलेले नाही. म्हणून जुलै-ऑगस्टमध्ये मी सायकल बहुतेक घरीच ठेवतो आणि डँपरचे मोठे काम याच दिवसांत बाहेरगावी पाठवून उरकून घेतो.

सध्या वहीच्या शेवटच्या पानावर एकच गोष्ट अनुत्तरित आहे. चोरलच्या बाजूला उतरताना एक डावे वळण लागते, आणि तिथे पुढचे चाक दर वेळी थोडे बाहेर सरकते. फोर्कचे रीबाउंड एक खटका मंद करून पाहिले, फरक पडला नाही. पुढच्या टायरमध्ये एक पीएसआय कमी करून पाहिले, थोडा पडला असे वाटते. रविवारी फोर्कमधले उरलेले एक टोकनही काढून, दाब दोन पीएसआय वाढवून बघणार आहे. भाच्याला तसे सांगून ठेवले आहे, आणि कडी सरकवण्याची मजुरी म्हणून त्याने छप्पन दुकानातले जॉनीचे हॉटडॉग मागितले आहे.